वाणाचे एक्कावन्न साबण

मागच्या संक्रांतीला मी आईचे एक्कावन्न साबण परत वितळवले. एकेकाचं प्लास्टिक फाडलं, सुरीने चार तुकडे केले आणि पातेल्यात टाकले. रागीट मी पहिल्यापासूनच आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशीचा राग खरा होता असं मी आजही म्हणते. रागाच्या भरात जे केलं ते मात्र चुकलं, आणि ते कळायला मला अर्धा तासही लागला नाही.

बाबा गेल्यावर आई आर्वीच्या घरी एकटी राहिली. मी वर्ध्याला सासरी असते. शनिवारी दुपारची एसटी पकडून जायची, तर ती दिवाणावर बसलेली असायची, टीव्ही चालू आणि आवाज बंद. चहा टाक म्हटलं की टाकायची, बस म्हटलं की बसायची. म्हणून एकदा मी तिच्यासाठी साबणाचा बेस नेला. ग्लिसरीनचा पांढरा ठोकळा येतो. तो कापायचा, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात हळूहळू वितळवायचा, रंग नि सुगंध घालून साच्यात ओतायचा, बस. कॉस्टिक सोड्याची भानगड नाही, हात भाजायची भीती नाही. मी एकदा करून दाखवलं आणि परत आले.

माझ्यामागे तिने काय करावं? कढई सरळ गॅसवर ठेवली आणि बेसचा पाक केला. चाळीस वर्षं संक्रांतीचे लाडू वळलेली बाई. वाटीभर पाण्यात थेंब टाकून गोळी होते का ते पाहत बसली. गोळी झाली, पण तिला ती कच्ची वाटली, म्हणून आणखी उकळलं. फेस आला, साबण पिवळा पडला, घरभर जळका वास. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "पाक पुढं गेला वाटते." दुसऱ्या वेळी तिने संत्र्याची ओली साल किसून घातली. आठवड्यात साबणावर काळे ठिपके आले. मग तिने साली गच्चीवर कडकडीत वाळवल्या, मिक्सरमधून काढून मलमलच्या कपड्यातून गाळल्या, आणि तिसऱ्या वेळचा साबण असा निघाला की मी तो वापरायला काढलाच नाही, कपाटात साड्यांमध्ये ठेवला.

त्यानंतर ती मला हात लावू देईना. वर आलेले बुडबुडे मारायला स्पिरिटचा फवारा तिनेच मारायचा. साच्यातून काढल्याबरोबर प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, नाहीतर साबणाला घाम सुटतो, हेही तीच मला ऐकवायची. मी जायची तेव्हा टीव्ही बंद असायचा.

मग समोरच्या काकूंनी साबण मागितले. काकू म्हणजे आईची तीस वर्षांची शेजारीण. त्या वर्षी हळदीकुंकवाला वाण म्हणून बायकांना साबणच द्यायचा असं त्यांनी ठरवलं. एक्कावन्न नग. आईने हे सांगायला मला दुपारी, मी कामावर असताना फोन केला. बाबा गेल्यापासून तिने आपणहून केलेला तो पहिला फोन. मी दोन दिवसांची सुट्टी काढून गेले. फुलाच्या साच्यात संत्र्याचे साबण, आणि संक्रांत म्हणून प्रत्येकावर चिमूटभर तीळ. एकाचा तीळ एका बाजूला सरकला, तर तिने तो परत वितळवून ओतला. या साबणाची हीच सोय, बिघडला तर पुन्हा करता येतो.

सगळे गुंडाळून झाले आणि आई बाजारात रिबीन आणायला गेली. तेवढ्यात काकू आल्या. एक साबण उघडून नाकाला लावला.

"काय वास येते वं बाई! संत्रं सोलल्यावानी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या तूच आनून देजो. आईले नको पाठवू. आन् कोनी इचारलं तं वर्ध्याहून आनले म्हनीन. मले काई नाई वं, पन बायका नावं ठेवतेत."

मले काई नाई. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कोणालाच काही नसतं! सगळ्या जणी चांगल्या, सगळ्या जणी सुधारलेल्या, नावं ठेवतात त्या फक्त 'बायका'. त्या कोण, कुठल्या गल्लीत राहतात, मला एकदा त्यांचा पत्ता पाहिजे. काकू तापाने पडल्या होत्या तेव्हा पंधरा दिवस याच हातांची खिचडी रस्ता ओलांडून त्यांच्या घरी गेली. तेव्हा बाबा होते. हात तेच आहेत, फक्त त्यात आता बांगड्या नाहीत.

"काकू," मी म्हटलं, "आईच्या हातचा साबन चालते, आई नाई चालत?"

"तुले लहानपनापासून राग लवकर येते," काकू म्हणाल्या आणि साबण जागेवर ठेवून निघून गेल्या.

मी गॅस पेटवला. द्यायचेच नाहीत, एकही नाही. आईचा अपमान करून वर तिचं नावही पुसायचं, आणि साबण मात्र ताटात मिरवायचे? मी प्लास्टिक फाडत गेले, कापत गेले, टाकत गेले. शेवटचे तुकडे पडले तेव्हा आई दारात उभी होती, हातात केशरी रिबिनीचं रीळ.

"काऊन वितळवून राह्यली वं?"

मी सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच. तिने रीळ ओट्यावर ठेवलं.

"मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तिनं पयलेच सांगतलं. पोरीकून पाठवजो म्हने."

"आन् तू हो म्हनली?"

"हो म्हनली." तिने गॅस बारीक केला, सवयीने. "मी नाई जात तिथं, तं माह्या हातचं काई तरी गेलं असतं. बायकाइनं घरी नेलं असतं. आंघोळीले घेतलं असतं."

गप्प बसायला पाहिजे होतं. पण गप्प बसेन तर मी कसली? मी तिच्यावरच ओरडले, "तुले राग कसा येत नाई?"

ती पातेल्यात पाहत होती. "येते ना. मांगच्या साली तुह्या घरी हळदीकुंकू होतं. तवा मी कुठं होती?"

स्वयंपाकघरात होती. मीच तिला म्हटलं होतं, "आई, तू आत गुळाच्या पोळ्याइकडे पाह्य." मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी तर, विहीणबाई बाहेर येत नाहीत का, असं विचारलंही होतं. मीच म्हटलं, त्यांना आतच बरं वाटतं. आणि कोणाला अवघडल्यासारखं न होता सगळं नीट पार पडलं म्हणून त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं. काकूंनी निदान तोंडाने सांगितलं. मी पोळ्यांच्या आडून तेच केलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी प्लास्टिकचे डबे वाटले. बायका ते घेऊन आमच्या दारावरून गेल्या, आणि आई दारात बसून पाहत होती. वितळवलेल्या साबणाची तिने ताटात एक मोठी वडी थापली. वास उडालेला, तीळ तळाशी बसलेला. उन्हाळाभर ती वडी मोरीजवळ होती. मी गेले की त्याच साबणाने हात धुवायची, आणि तीळ तळहाताला टोचायचे.

यंदा माझ्याकडे हळदीकुंकू आहे. परवा आईला फोन केला, ये म्हटलं.

"येईन. पन कुठं बसू ते आधी सांग."

"समोरच्या खोलीत. माह्याजवळ," मी म्हटलं. पण म्हणायच्या आधी मी मागे वळून पाहिलं, सासूबाई ऐकताहेत का ते. हा राग कोणावर काढू? एवढं बोलणारी मी, एवढी भांडणारी, आणि माझी मान आपोआप मागे वळते.

आईने सरळ हिशोबच विचारला.

"साबन किती करू मंग?"

"एक्कावन्न. आन् सगळ्याइले सांगीन मी, माह्या आईनं केले म्हनून."

"तू नको सांगू," ती म्हणाली. "मीच सांगीन. तुले वेळ लागते."