बाईंचा घरघरणारा डबा

येळ्ळूरच्या मष्णूला यंत्राचं दुखणं आधी कानाला कळतं, मग डोळ्याला. ही विद्या त्याने बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत कमावली. तिथल्या एका शेडमध्ये चौदा वर्षं तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचा, म्हणजे त्यांचं तारेचं वायंडिंग नव्याने गुंडाळायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला टेकवायची, आणि क्षणभर डोळे मिटून निकाल सांगायचा, "बेअरिंग गेलंय. वायंडिंगला हात लावू नका." पुढे मोटारींचं काम आटलं तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या या गड्याने कॉम्प्युटरचा क्लास लावला. लोक हसले. हसणाऱ्यांचेच कॉम्प्युटर आता अनगोळातल्या त्याच्या दुकानात येतात, आणि तो त्यांना हसण्याची आठवण करून दिल्याशिवाय सोडत नाही.

माणूस हुशार, कामाला चोख, फक्त एक खोड. 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. कंपनी चुकते, वीज चुकते, गिऱ्हाईक तर चुकतंच चुकतं. मष्णू चुकत नाही, यावर त्याचा स्वतःचा पूर्ण विश्वास होता.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी त्याला विद्युल्लताबाईंचा फोन आला. या बाईंनी त्याला येळ्ळूरच्या शाळेत तीन वर्षं मराठी शिकवलं होतं. त्यामुळे सारं अनगोळ ज्याला मष्णूअण्णा म्हणतं, त्याला त्या अजून अरे-तुरे करतात, आणि तोही फोनवर बोलताना उगाच उभा राहतो.

"मष्णू, डबा उघडत नाही रे. लवकर ये."

डबा म्हणजे घरातली गाणी, फोटो, कागद एका ठिकाणी साठवून ठेवणारं यंत्र. आत दोन डिस्क, पाठीमागे एक छोटा पंखा. घरातल्या वायफायला जोडलं की फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून हवं ते उघडता येतं. गेल्या श्रावणात मष्णूनेच तो बाईंच्या पुस्तकांच्या कपाटावर बसवून दिला होता. निवृत्तीनंतर बाई खानापूर आणि येळ्ळूरकडची गावं पायाखाली घालत बायकांकडून जात्यावरची, लग्नातली गाणी उतरवून घेत होत्या. दोनशे बारा बायका. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आता हयात नाहीत. ज्या रेकॉर्डरवर आवाज घेतले तो कधीच मोडीत गेला होता, म्हणजे जे होतं ते त्या डब्यात. आणि येत्या रविवारी कडोलीच्या साहित्य संमेलनात बाई ती गाणी लोकांना ऐकवणार होत्या.

फाटकाशीच मष्णूला घरघर ऐकू आली. बाईंचा चेहरा उतरलेला होता. आदल्या दिवशी शहरातला एक दुकानदार येऊन सांगून गेला होता की डिस्क मरायला टेकल्यात, सगळं पुसून नव्याने मांडावं लागेल.

"पुसून?" मष्णूचा आवाजच चढला. "त्याला काय जातंय पुसायला!"

त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, टोक डब्याला लावलं आणि मूठ कानाला.

"डिस्क एकदम ठणठणीत हायत, बाई. मरणाऱ्या डिस्कचा आवाज येगळा असतोय. हे लई राबायला लागलंय. ह्याला कोण राबवतंय तेवढं बघूया."

लॅपटॉप जोडला. डब्याचं पान उघडायला एक कप चहा संपेपर्यंतचा वेळ लागला. प्रोसेसर, म्हणजे डब्याचं डोकं, शंभरातले सत्त्याण्णव हिस्से कामात बुडालेलं होतं. मग कोणतं काम डोकं खातंय त्याची यादी मष्णूने काढली. दोन कामं होती. एक, बाईंच्या सगळ्या गाण्यांची सूची बनवणं. दुसरं, दोन्ही डिस्क एकमेकींशी ताडून बघणं. एका डिस्कवर असतं तेच दुसरीवर असतं, आणि वीज अचानक गेली की कुठे काही अर्धवट राहिलं का, ते डबा पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासतो. ही तपासणी अकरा टक्क्यांवर होती. पुरी व्हायला आणखी बावीस तास हवे होते.

"बाई, लाईट सारखी जातीय काय हितं?"

"इन्व्हर्टर आहे की."

"मग हे बंद कोण पाडतंय?"

"मीच," बाई म्हणाल्या. "रोज रात्री नऊला बटण बंद करते. दिवसभर बिचारं धापा टाकतं, रात्री तरी विश्रांती नको का त्याला?"

मष्णूला हसू आलं. डबा दिवसभर तपासत तिसरा हिस्सा, अर्धा हिस्सा गाठायचा, रात्री बाई मायेनं बटण बंद करायच्या, आणि सकाळी बिचाऱ्याचा पुन्हा श्रीगणेशा. जितकी विश्रांती जास्त तितकी धाप जास्त, हे त्याने बाईंनाही समजावलं.

"पण पयल्यांदा कधी लागली ही धाप?"

"खंडेनवमीपासून. पूजेसाठी बटण बंद केलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. दसऱ्याला चालू केलं तर ही घरघर."

मष्णूचं हसू जागच्या जागी विरलं. श्रावणात डबा बसवताना, निघता निघता दारात उभा राहून तो काय बोलला होता ते त्याला लख्ख आठवलं. "खंडेनवमीला ह्याची बी पूजा करा बरं का, बाई. बटण बंद, हळद-कुंकू, आणि दिवसभर हात लावायचा न्हाय. आमच्या शेडमधी तशीच रीत." शेडमध्ये रीत तशीच होती, खोटं नव्हतं. पण मोटारीचं बटण खटकन बंद केलं तरी मोटारीचं काही बिघडत नाही. डब्याला आधी आतून बंद हो म्हणून सांगावं लागतं, हातातलं लिहिणं संपवू द्यावं लागतं. हे मष्णू रोज दहा गिऱ्हाइकांना बजावत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत. त्याची कानशिलं तापली.

तेवढ्यात पुण्याहून बाईंचा मुलगा सुहास याचा फोन आला. बाईंनी सगळं सांगितलं. स्पीकरवरून त्याचा आवाज खोलीभर झाला. "आई, रोज बटण बंद करतेस? मग तूच वाट लावलीस की त्याची!"

"हो रे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "माझंच चुकलं."

बोलायचं असेल तर हीच वेळ होती. मष्णू खाली मान घालून वायर गुंडाळत राहिला.

त्याने सूचीचं काम थांबवलं, म्हणजे डब्याला सगळी ताकद तपासणीला लावता येईल. मग उठून म्हणाला, "काय पुसायचं न्हाय. उद्या सकाळपतूर ह्याला हात लावू नका. रविवारी तुमच्या बाया कडोलीत गाणार म्हंजे गाणार. मी हाय न्हवं?"

त्या रात्री नऊला पुन्हा फोन. "मष्णू, नऊ वाजले. हात शिवशिवतोय रे."

"हातावर हात ठिवून बसा, बाई."

बाई हसल्या, मग थांबल्या. "सुहास म्हणतो ते खरं आहे. त्या बायकांनी चूल अर्धी टाकून माझ्यासाठी गाणी म्हटली. त्यांचे आवाज माझ्या हातानं गेले तर मी स्वतःला माफ करणार नाही."

मष्णूच्या जिभेवर वाक्य आलं होतं. तरी त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "कायबी जात न्हाय, बाई. झोपा निवांत." समोरच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. आपल्याला स्वतःची लाज वाटतेय, हे त्याला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

शुक्रवारी सकाळी तो बाईंच्या फाटकाशी पोचला आणि थबकला. घरघर नव्हती. काम पुरं झालं तरी डबा शांत होतो आणि कायमचा बसला तरी शांतच होतो. दारात बाई उभ्या होत्या, डोळे तांबारलेले.

"थांबलं रे ते. मी हातसुद्धा लावला नाही."

मष्णूने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. आत मंद, एकसारखी गुणगुण चालली होती. लॅपटॉप उघडला. तपासणी शंभर टक्के. प्रोसेसर सत्त्याण्णववरून चारवर उतरलेला. बाईंनी सांगितलेलं पहिलं गाणं त्याने लावलं. खानापूरकडच्या शालूबाई आधी खोकल्या, मग म्हणाल्या, "हसू नगं गं, मला आठवू दे," आणि म्हातारा, चिरका, पण ठाम सूर खोलीत लागला. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मष्णूचाही जीव भांड्यात पडला. त्याने दुपारपर्यंत बसून दोनशे बाराच्या दोनशे बारा बायकांच्या गाण्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून बाईंच्या हातात दिली. ही प्रत श्रावणातच काढायला हवी होती. तेही तो बोलला नाही.

रविवारी कडोलीचा मांडव भरला होता. गाणी लावायला मष्णू व्यासपीठाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसला. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या, गावं सांगितली, बायकांची नावं घेतली, आणि मग म्हणाल्या, "हे आवाज परवा कायमचे जाणार होते. माझ्या अडाणीपणामुळे. मी यंत्राचं बटण..."

मष्णूला पुढचं ऐकवेना. तो उठला. खुर्ची करकरली आणि पुढच्या रांगांनी माना वळवल्या.

"न्हाय, बाई," तो मोठ्याने म्हणाला. "बटण बंद करा म्हणून मीच सांगितलतं. ते आवाज गेले असते तर माझ्यामुळं गेले असते. माझं चुकलं."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि त्याच्याकडे बघितलं.

"खंडेनवमीची रीत कुणी सांगितली ते मी विसरले नव्हते. गुरुवारीच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "तू कधी उठतोस याचीच वाट बघत होते. बस आता खाली, आणि लाव शालूबाईंना."