चहा गाळायला दोन हात

कुणाच्या घरी नवी वस्तू आली की आबा आधी डोळे मिटायचे. मग ती हातात घेऊन चाचपायचे. तिचा कान धरायचे, झाकण उघडायचे, पुन्हा लावायचे. डोळे उघडले की निकाल. "डोयाले काहीबी चांगलं दिखस," ते म्हणायचे. "हातले खोटं चालत नही."

आबा चाळीसगावात आमच्या शेजारी राहायचे. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून निवृत्त झाले होते. शाळेत म्हणे ते पुस्तकी मराठी बोलत, पण गल्लीत पाऊल टाकलं की अहिराणी. आमच्या लग्नात आलेला एक देखणा स्टीलचा जग मी त्यांना कौतुकानं दाखवला. त्यांनी त्यातून पाणी ओतलं. निम्मं ग्लासात, निम्मं त्यांच्या धोतरावर. धोतर झटकत त्यांनी जग परत केला. साध्या तांब्यावर मात्र ते अर्धा तास बोलू शकत. ओल्या हातातून निसटू नये म्हणून ज्यानं तांब्याला मान दिली, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, याची त्यांना खंत होती.

एकदा मी दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यात टाकायची काचेची चकती आणली. आबा ओट्याशी स्टूल घेऊन बसले. दूध तापलं, चकती खडखड वाजू लागली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी दुधाकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. चकतीनं वर्दी दिली तरी दूध उतू गेलंच. तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल, ज्याच्यामुळे घरातल्या रोजच्या वस्तूंकडे पुन्हा एकदा बघावंसं वाटतं.

त्याच वर्षी माझ्या सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. पाच-पन्नास माणसांचं भरीत एकटीनं करणारी बाई. आता मी घास भरवायला गेले की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. "अक्का, दोनच घास," मी म्हणायचे. त्या घास घ्यायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. हळूहळू त्यांनी बोलणंही सोडलं. डॉक्टर म्हणाले, हात फारसा सुधारणार नाही, पण त्यांचं मन खचू देऊ नका. ते कसं करायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

आठवड्याभरानं आबा एक पाट घेऊन आले. त्याच्या मधोमध दोन खिळे वर आलेले. कांदा त्यावर रोवायचा आणि एका हातानं चिरायचा. खाली घसरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर. आम्ही सगळे भोवती जमलो. अक्कांनी डाव्या हातानं पाट ढकलून दिला.

"माले काय लहान पोर समजतस का?"

किती दिवसांनी त्या एवढं बोलल्या होत्या. आबांनी पाट उचलला आणि ते निघून गेले. मला वाटलं, दुखावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले, रिकाम्या हातांनी. मला त्यांनी नजरेनंच बाहेर जायला सांगितलं. मी दाराआड थांबले, हे कबूल करते.

"अक्का, चूक मनी शे," ते म्हणाले. "मी तुमले इचारं नही. तुमले काय कराले आवडस?"

खाट कुरकुरली. मग अक्का म्हणाल्या, "चहा. बठ्ठा उठाना पहिले, मना हातना." आजारपणाआधी सगळे उठायच्या आत त्या स्वतःच्या हातानं चहा करायच्या.

त्यानंतर दोन दिवस आबा दिसले नाहीत. त्यांची बायको आमच्याकडे विरजण मागायला आली, ती कपाळावर हात मारतच. "हाऊ मानूस येडा व्हयना. उजवा हात उपरण्यानं कमरेले बांधी लिन्हा. दोन दिन व्हयनात, एकच हातवरी बठ्ठं करस. साखरना डबा पाडा, दोन कप फोडात."

तिसऱ्या दिवशी आबा आले, ते थेट स्वयंपाकघरात. यावेळी त्यांनी कुणाला जमू दिलं नाही. एक लाकडी ठोकळा होता, त्यात खोलगट खाच. साखरेचा डबा त्यात घट्ट बसायचा आणि झाकण एका हातानं फिरायचं. आणि एक छोटी घोडी, वरच्या कड्यात गाळणं बसणारी. खाली कप सरकवायचा.

"चहा गाळाले दोन हात लागतस," ते हलक्या आवाजात मला म्हणाले. "इतली उमर गई, माले ठाऊकच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे भांड्यांच्या आवाजानं मला जाग आली. लायटरचा खटका दोनदा वाजला. मी उठणार होते, पण पांघरुणाची कड घट्ट धरून पडून राहिले. काहीतरी सांडलं. मग आलं उकळल्याचा वास आला. मग हाक आली.

"सूनबाई, चहा थंडा व्हई ऱ्हायना."

ओट्यावर दोन कप होते आणि चहाचं एक तळं. साखर दुप्पट पडली होती. अक्का माझ्याकडे सरळ बघत होत्या. मी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याले, आणि पुढची चार वर्षं, अक्का होत्या तोवर, रोज पहाटे प्याले.

मी एकदा आबांचे आभार मानायला गेले. "आभार कसाले?" म्हणून त्यांनी विषय बदलला. पुढे बायको गेल्यावर ते लेकीकडे पिंपळनेरला गेले. त्यांची शेवटची बातमी आली, तेव्हा तेरावाही उलटून गेला होता.

त्यांच्या घरात नवे भाडेकरू आले. एक दिवस त्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "या दाराला दोन कड्या का हो? एक वर, एक इतकी खाली?"

आबांची बायको ठेंगणी होती, मी सांगितलं. वरच्या कडीसाठी तिला टाचा उंचवाव्या लागायच्या.

त्या बाईंनी खालची कडी लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली. त्याही ठेंगण्याच होत्या.