ठकीला आणायला बडोद्याला गेले त्याची गोष्ट

माझे नेहमीचे वाचक जाणतात की मी बाहुल्या जमवते आणि माझा पगार शाळेतल्या क्लार्कचा आहे. म्हणून नियम एकच : शंभर रुपयांवर एकही बाहुली घ्यायची नाही. या नियमात राहून एकशे बारा बाहुल्या झाल्या. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांना एक लोखंडी कपाट आहे, आणि माझ्या साड्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. पण हा प्रवास एकशे तेराव्या बाहुलीसाठी नव्हता. पहिल्या बाहुलीसाठी होता, जी आमच्या घरात कधी आलीच नाही.

आईचं लहानपण बडोद्यात, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. आजोबा वर्कशॉपमध्ये फिटर होते. आईकडे एक ठकी होती : एकाच लाकडात कोरलेली, हातपाय न हलणारी, लाल-पिवळी रंगवलेली बाहुली. शेजारच्या नलूकडे बाहुला होता. दहा वर्षांच्या या दोघींनी त्यांचं लग्न लावलं. अंतरपाट, मंगलाष्टकं, जिलब्या, सगळं यथासांग. ठकी वाजतगाजत शेजारच्या घरी सासरी गेली. चार महिन्यांनी आजोबांची दाहोदला बदली झाली आणि ठकी नलूकडेच राहिली. "माझी ठकी नलूने ठेवून घेतली," हे वाक्य मला समजायला लागल्यापासून मी ऐकत आले आहे. आई हे सांगताना डोळे पुसायची आणि मी त्या कधी न पाहिलेल्या नलूवर दात-ओठ खायची. माझा बाहुल्यांचा नाद तिथूनच सुरू झाला.

गेल्या महिन्यात एका लग्नात मामेबहिणीकडून नलूमावशीचा फोन नंबर मिळाला. ती निजामपुऱ्यात राहते. मी फोन केला, तर म्हणाली, "सुमीची मुलगी? ये ने, कधीपण ये!" तो गोडवा ऐकून माझं डोकं आणखीच फिरलं. दुसऱ्याची वस्तू पन्नासहून जास्त वर्षं दाबून ठेवायची आणि वर 'ये ने'!

शुक्रवारी अर्धी रजा टाकून निघाले. आई म्हणाली, "कशाला जातेस, जाऊ दे आता." मी म्हटलं, "तू जाऊ दिलंस, मी नाही जाऊ देणार."

ज्यांना हा प्रवास स्वस्तात करायचा आहे त्यांच्यासाठी : नाशिकहून सापुताऱ्यामार्गे सुरतची एसटी घ्या. घाटात मळमळतं, तेव्हा पुढची सीट धरा आणि वणीच्या थांब्यावर वडा खाऊ नका. मी खाल्ला. रात्र सुरतला मावसभावाकडे काढली आणि सकाळच्या गाडीने जनरलच्या डब्यातून दोन तासांत बडोद्याला पोचले. माझं एकूण बजेट पंधराशे, सगळं धरून. स्टेशनजवळ अडीचशेची खोली मिळते, पण काउंटरवरचा माणूस बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तीनदा विचारतो, "एकलाज छो, बेन?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मी त्याला मराठीत जे सुनावलं ते त्याला पूर्ण कळलं असावं, कारण किल्ली लगेच मिळाली.

पहिल्यांदा प्रतापनगर. रिक्षावाल्याने साठ सांगितले, मी शेअर रिक्षाने पाचात गेले. वर्कशॉपची पाळी सुटत होती. सायकली आणि स्कूटर एकदम रस्त्यावर आल्या आणि मी पाच मिनिटं नुसती कडेला उभी राहिले. आईने सांगितलेली तिसरी ओळ सापडली. क्वार्टरच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होती. तिने पाणी दिलं, कुणाला भेटायचंय विचारलं. मी म्हटलं, माझी आई इथे राहायची. तिने शेजारच्या दाराकडे बोट दाखवून विचारलं, "अहीं के त्यां?" इथे की तिथे? दोन दारांमध्ये एक कंबरभर उंचीची भिंत. तेवढीच. एवढ्याशा भिंतीवरून परत देता आली नाही का ती बाहुली, हे मनात येऊन मला पुन्हा संताप आला.

मांडवीच्या बाजारात बाहुल्या शोधायच्या असतील तर मोठ्या दुकानांत शिरू नका. तिथे काचेमागे सगळ्या बाहेरच्या देशातून आलेल्या, पिवळ्या केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या, कंबर माझ्या मनगटाएवढी. मी दुकानदाराला म्हटलं, इथली ढिंगली, कापडी बाहुली, दाखवा. तो हसून म्हणाला, "हवे एवुं कोण ले छे, बेन?" आता असं कोण घेतं म्हणे! त्याच दुकानाच्या पायरीखाली एक म्हातारी चिंध्यांच्या ढिंगल्या विकत बसली होती, दोऱ्याचे डोळे, आरशाची टिकली, पस्तीस रुपयांना एक. एकशे तेरावी तिथेच घेतली. समोरच्या गाडीवर शेव-उसळ खाल्ली. इतकी तिखट की रागाचं कारण क्षणभर विसरायला झालं. ती मात्र चुकवू नका.

अकोट्याला मुद्दाम गेले नसते, पण म्हातारी म्हणाली की नदीपलीकडे एक शेठ जुन्या लाकडी बाहुल्या ठेवतो. बंगल्याच्या तळमजल्यावर, एसी लावलेल्या खोलीत, तीन ठक्या दिव्याखाली मांडल्या होत्या. एकीची किंमत साडेचार हजार. "या कुठून आणल्या?" मी विचारलं. "मराठी लोकोंके घर से. फ्लैट में जाते हैं तो निकाल देते हैं," तो म्हणाला. किती दिले त्यांना, विचारल्यावर दोनशे-तीनशे म्हणाला, तेही ऐटीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तोच पुढे म्हणाला, "निजामपुरा में एक मराठी मासी है, बढिया जोडी है उनके पास. छह हजार बोला, नहीं देती."

निजामपुऱ्यातली मराठी मावशी! म्हणजे ठकी आहे. म्हणजे नलूमावशी भाव वाढायची वाट बघते आहे. त्या रात्री मला नीट झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी काय काय बोलायचं ते मी पाठ करत होते.

रविवारी दहा वाजता निजामपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. नलूमावशी बुटकी, गोरी, गुडघेदुखीने वाकून चालणारी. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "अग बाई, सुमीचं नाक! बेस, बेस ने." मुलगा-सून देवळात गेले होते. समोर मेथीचे ठेपले, छुंदा, चहा आला. मी ठेपल्याला हात लावला नाही आणि म्हटलं, "मावशी, ठकी दाखवा."

तिने कपाटातून जोडी काढली. ठकीचा रंग गालांवर उडाला होता, पण अंगावर ताज्या जरीचं लुगडं होतं, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. "दर चैत्रात हळदीकुंकवाला मांडते आणि नवं लुगडं नेसवते," मावशी म्हणाली. मी पर्समधून पाचशेच्या दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या. माझा नियम मी मोडत होते, तेवढं तरी तिने समजून घ्यायला हवं होतं.

"हे काय?"

"ठकीचे. शेठएवढे मला जमणार नाहीत."

तिचा चेहरा उतरला. "मी घरातली सून विकायला बसले आहे का ग?"

"सून कसली? ती माझ्या आईची बाहुली आहे. तुम्ही ती लाटलीत," मी म्हटलं. पाठ केलेलं सगळं बाहेर पडलं : आईचे डोळे, माझं लहानपण, शेजाऱ्यांनी कसं वागायचं असतं ते.

"सुमीने लगन लावून दिली," मावशीचाही आवाज चढला. "दिलेली मुलगी पाछी मागतात का? माहेरपणाला न्यायची असती तर आईने यायचं. मी दाहोदला पाच कार्डं टाकली, दिवाळसणाला ने, मंगळागौरीला ने. एकाचं उत्तर नाही. रेल्वेचा पास होता ने तिच्या बाबांना? तीन तासांची गाडी!"

पासाचं मला कधी सुचलंच नव्हतं. पण मी तेव्हा ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. मी अल्बम काढला. माझ्याकडे ठकी किती नीट राहील ते दाखवायला तो मुद्दाम आणला होता. सगळ्या बाहुल्यांचे फोटो, आणि पहिल्या पानावर माझ्या संग्रहाचा मान, आईची पितळी भातुकली. याच ब्लॉगच्या माथ्यावर तुम्ही ती रोज पाहता. चौदा नग, मधोमध वीतभर उंचीचा बंब.

मावशी चष्मा लावून पहिल्याच पानावर थांबली.

"या बंबाची चिमणी डावीकडे वाकलेली आहे?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"वरातीत माझ्या हातून पडला होता." तिने फोटोवर बोट ठेवलं. "हे ठकीचं रुखवत आहे. सुमीच्या आईनेच ठकीबरोबर दिलं होतं, चार बायकांसमोर मांडून. सुमी दाहोदला गेली त्या दिवशी आमच्या घरातून नाहीसं झालं."

मी काहीतरी बोलणार होते, पण ती थांबली नाही. तिची धाकटी बहीण शशी तेव्हा सात वर्षांची. तिने भंगारवाल्याला देऊन बोरं खाल्ली असा घरच्यांनी समज करून घेतला. वडिलांनी तिला पट्ट्याने मारलं. "नाही घेतलं, नाही घेतलं, म्हणत होती. मीपण तिचं खरं मानलं नाही. म्हातारी झाली तरी आम्ही चिडवायचो, बोरंवाली म्हणून." मावशीने अल्बम मिटला. "शशी दोन वर्षांमागे गेली."

मी गॅलरीत जाऊन नाशिकला फोन लावला. रोमिंगचं काय बिल यायचं ते येऊ दे. "आई, भातुकली कुठून आली?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "नलूने बंब ओळखला?"

"आई!"

"ठकी तर मिळणार नव्हती," आई म्हणाली. "मग भांडी तरी का द्यायची? टांगा दारात उभा होता, नलूकडे सगळे निरोपाला बाहेर आले होते. मी मागच्या दाराने शिरले आणि उचलली." मग म्हणाली, "तिची कार्डं यायची. मला वाटायचं, गेले तर ती भांड्यांचं विचारेल."

मी फोन कापला. एवढी वर्षं मी जो राग सांभाळला तो चुकीच्या दारावर नेऊन आपटला होता, आणि ज्या बाईवर आपटला ती आत माझ्यासाठी ठेपले पुन्हा गरम करत होती. मला आईची चीड आली, स्वतःची आली. टेबलावरच्या त्या दोन नोटा उचलताना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. मावशीने ती घेतली की नाही ते कळलं नाही. तिने ठकीचं लुगडं सारखं केलं आणि जोडी कपाटात परत ठेवली.

दारात म्हणाली, "सुमीला सांग, रुखवत घेऊन स्वतः ये आणि लेकीला माहेरी ने. तुझ्या हाती नाही देणार."

परतीचा प्रवास तोच, उलट्या क्रमाने. खर्च एकूण तेराशे ऐंशी, बजेटमध्ये. ही एकच गोष्ट धड झाली. वणीला बस थांबली तेव्हा मी खाली उतरलेच नाही.

घरी आल्यावर मावशीचा निरोप सांगितला आणि मग दोन दिवस आईशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती आपणहून चिंच भिजवून बसली आणि भातुकली घासायला घेतली. अडुसष्ट वर्षांची बाई जमिनीवर फतकल मारून बोटाएवढी घंगाळी घासत होती. मी तिला म्हटलं, "शशीला पट्ट्याने मारलं त्यांनी." ती म्हणाली, "माहीत आहे. पहिल्या कार्डातच लिहिलं होतं."

भांडी वाळल्यावर तिने ती जुन्या धोतराच्या फडक्यात एकेक करून गुंडाळली, मोजली, पुन्हा मोजली.

"तेरा आहेत. किसणी कुठे आहे?"

किसणी नखाएवढी आहे. तिला खरोखरीची भोकं आहेत, गाजर धरलं तर थोडं किसलं जातं. एवढ्या वर्षांत, एवढ्या बाजारांत मी तशी दुसरी पाहिलेली नाही. ती माझ्या कपाटात होती, मांडवीच्या नव्या ढिंगलीच्या घागऱ्याखाली. सकाळी आई अंघोळीला गेली होती तेव्हा मी ती तिथे लपवली होती. मनात म्हटलं होतं, चौदातली एक, मावशीला एवढं कुठे आठवणार आहे.

आईने नुसता हात पुढे केला. मी उठले, किसणी आणली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती फडक्यात घातली, गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीही ही भातुकली अशीच परकराच्या ओच्यात लपवून नेली होती. दोन तिकिटं काढ."