वन्संना जिंकणं बाधलं

कुणाला दूध बाधतं, कुणाला वांगं बाधतं, एखादीला सासर बाधतं. आमच्या वन्संना जिंकणं बाधलं. हरत होत्या तोवर बाई कशी ठणठणीत होती! क्योतोतल्या एका कॉलेजच्या मुलींच्या लॅक्रॉस संघाच्या त्या प्रशिक्षक, आणि तो संघ वर्षानुवर्षं इतका मन लावून हरायचा की त्यांच्याशी सामना पडला म्हणजे समोरच्या संघाला सुट्टी मिळाल्यासारखं वाटायचं. त्या काळात वन्संना कुणी कधी काही बोललं नाही. त्यांची जागा कुणाला नको होती, त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्या अगदी सुखात होत्या. मग त्या जिंकायला लागल्या, आणि सगळं फिसकटलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तोंडावर मी त्यांना ताईच म्हणते. ‘वन्सं’ हा शब्द माझ्या आईच्या पिढीबरोबर गेला, पण मला राग आला की मनातल्या मनात ताईंच्या वन्सं होतात, आणि अलीकडे माझा राग काही उतरत नाही. तो त्यांच्यावर आहे, त्यांच्या कॉलेजवर आहे आणि थोडासा लॅक्रॉसवरही आहे. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: टोकाला जाळी लावलेल्या काठ्या घेऊन मुली मैदानभर धावतात, जाळीत चेंडू झेलतात, जाळीनेच फेकतात आणि गोल करतात. सासूबाईंनी पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर व्हायला गेली आणि आंबे काढायचा झेला घेऊन उभी राहिली!” रत्नागिरीच्या बाईला त्यात दुसरं काय दिसणार? पण ते वाक्य आमच्या घरात कायमचं राहिलं, आणि वन्सं सुट्टीवर आल्या की कुणी ना कुणी त्यांना परसातल्या आंब्याकडे बोट दाखवायचंच.

वन्सं जपानला आल्या होत्या त्या मातीतल्या बुरशीवर पीएचडी करायला. प्रयोगशाळेच्या खिडकीतून खाली मैदान दिसायचं, हे त्यांचं दुर्दैव. बुरशी सावकाश वाढते, तिच्याजवळ बसून राहायला वेळ भरपूर मिळतो, आणि त्या वेळात वन्सं खिडकीत उभ्या राहून खालच्या मुलींना हरताना बघत. शाळेत त्या खो-खो खेळलेल्या, जिल्ह्यापर्यंत जाऊन आलेल्या. खालची मुलगी सरळ रेषेत पळते आणि सरळ रेषेतच पकडली जाते, हे बघून त्यांच्या जिवाची तगमग व्हायची. एक दिवस राहवलं नाही, तशाच पांढऱ्या कोटात खाली गेल्या आणि म्हणाल्या, “अगं बायांनो, हूल द्या की!” हुलीला जपानीत काय म्हणतात ते येत नव्हतं, म्हणून स्वतः पळून, अंग झुकवून, गर्रकन वळून दाखवली. त्या मुलींना प्रशिक्षकच नव्हता. तिथे असे संघ बहुतेक मुलीच चालवतात, आणि फुकट शिकवणारं कुणी सापडलं तर त्यांना देव पावतो. वन्सं त्या दिवशी खाली गेल्या त्या पुन्हा वर आल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. बुरशी बिचारी वाळून गेली आणि प्रबंध राहिला तो राहिलाच. पोटापाण्यापुरतं भाषांतराचं अर्धवेळ काम त्यांनी धरलं, आणि सासूबाई नातेवाइकांना “ती तिकडे कॉलेजात असते” असं सांगू लागल्या. ते खोटंही नव्हतं.

माणसाकडे नुसतं माणूस म्हणून बघणं वन्संना कधी जमलं नाही. मी आणि नवराही जपानातच, टोकियोजवळ उरायासुला राहतो. एकदा त्या आमच्या घरी आल्या असताना मी पोळ्या लाटत होते, आणि त्या शेजारी उभ्या राहून माझ्या हातांकडे इतक्या मायेने बघत होत्या की आता पोळ्यांचं कौतुक ऐकायला मिळणार अशी माझी खात्री झाली. “मीनल, मनगट काय सुरेख आहे गं तुझं,” त्या म्हणाल्या. “कॉलेजात असताना माझ्या हाती लागायला हवी होतीस.” पोळी मात्र खाल्ली नाही. येताना कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, आणलेला ओनिगिरीचा भाताचा गोळा त्यांनी ओट्याशी उभ्याउभ्या संपवला, कारण बसून जेवलं की वेळ जातो. आमच्या लग्नात त्या करवली होत्या. मंगलाष्टकं चालू असताना करवली मांडवाबाहेर फोनवर जपानीत ओरडत होती, कारण तिकडे नेमका त्याच वेळी सामना चालला होता. शेवटच्या ‘सावधान’ला त्या धापा टाकत आत आल्या, माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि कानात म्हणाल्या, “हरलो गं.” सासरच्या माणसाचं मला उद्देशून पहिलं वाक्य ते हेच.

लॅक्रॉसमध्ये पळताना चेंडू जाळीतून पडू नये म्हणून काठी सारखी हलकेच झुलवत ठेवावी लागते. वन्सं त्याला जोजवणं म्हणत. नव्या मुलींना नदीकाठच्या मैदानावर रांगेत उभं करून त्या सांगत, “जोजो, जोजो. मूल झोपलंय असं समजा. उठवायचं नाही, आणि खाली तर मुळीच टाकायचं नाही.” त्यामुळे क्योतोत सकाळी कुत्री फिरवायला निघालेल्या म्हाताऱ्यांना दहाबारा मुली “जोजो, जोजो” पुटपुटत धावताना दिसत, आणि त्यांच्यामागून सायकलवर काठ्यांचा भारा बांधलेली एक काळीसावळी बाई ओरडत जाताना दिसे. पाऊस असो, बर्फ असो, त्या बाईला खाडा माहीत नव्हता. स्वतः वन्संनी लग्न केलं नाही. त्यावर सासूबाई काय म्हणत ते मी इथे लिहीत नाही.

ह्या खेळात तिथल्या जवळजवळ सगळ्या मुली कॉलेजात आल्यावरच पहिल्यांदा काठी हातात धरतात. शिकतात, पडतात, तयार होतात, आणि चौथ्या वर्षीचा शेवटचा सामना झाला की ‘निवृत्त’ होतात. हा त्यांचाच शब्द. बावीस वर्षांच्या पोरी निवृत्त झालो म्हणून एकमेकींच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडतात. माझे सासरे पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ घेऊन, चहा पिऊन, भाजी घेऊन घरी आले होते. मुली गेल्या की वन्सं वसंतात नव्या मुली गोळा करून पुन्हा पहिल्यापासून जोजवायला शिकवायच्या. “ताई, कंटाळा नाही येत?” मी एकदा विचारलं. “येतो की,” त्या म्हणाल्या. “पण आज आलेल्या मुलीला ते कुठे माहीत असतं? तिचा तर पहिलाच दिवस असतो ना.” हे बोलताना त्या खरोखर खूश होत्या, आणि मला मात्र उगाचच भरून आलं.

तर अशी ही बाई जिंकायला लागली. खो-खोच्या हुलकावण्या मुलींच्या अंगात मुरल्या, समोरच्यांना त्या पकडता येईनात, आणि संघ तिसऱ्या श्रेणीतून दुसरीत आणि काही वर्षांनी दुसरीतून पहिलीत गेला. त्या शेवटच्या सामन्याला मी आणि नवरा शिन्कान्सेन ही बुलेट ट्रेन पकडून गेलो होतो. मुलींनी वन्संना उचलून हवेत फेकलं आणि झेललं. खाली उतरल्यावर त्या मला म्हणाल्या, “आता मला काही नको. फक्त ह्यांना पहिल्या श्रेणीत खेळताना बघायचंय, एकदा बाकाजवळ उभं राहून.” आयुष्यात त्यांनी मागितलेली मला माहीत असलेली ही एकमेव गोष्ट.

पहिल्या श्रेणीत गेल्यावर आपल्याकडे असा एक संघ आहे हे कॉलेजच्या क्रीडाविभागाला कळलं. माजी खेळाडूंच्या मंडळालाही अचानक प्रेमाचं भरतं आलं. विभागाचे एक साहेब मैदानावर येऊ लागले. सेन्सेई, थंडीत उभं राहणं त्रासाचं होत असेल, असं ते म्हणाले. सेन्सेई म्हणजे गुरुजी किंवा बाई, तिथे शिकवणाऱ्याला असंच म्हणतात. पुढच्या वेळी म्हणाले, सेन्सेईंना आता स्वतःसाठीही वेळ मिळायला हवा. वन्संनी मला फोन केला. “माणसं किती काळजी करतात बघ! तुझ्या माहेरी, पुण्यात, कुणी विचारलं असतं?” मी रोज ऑफिसात जपानी क्लायंटशी बोलते. तानाका-सान हसून “जरा अवघड दिसतंय” म्हणाले की ते काम मेलं, हे आमच्याकडे नव्या पोरांनाही समजतं. “ताई, ते तुम्हाला जा म्हणतायत,” मी म्हटलं. “आयटीत राहून संशयी झालीयेस तू,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. समोरची मुलगी डावीकडे झुकून उजवीकडे निसटणार हे जिला लांबून दिसतं, त्या बाईला साहेबांची एवढी साधी हूल कळू नये! मी दिवसभर चरफडत होते.

मार्चमध्ये चौथ्या वर्षाच्या मुलींना निरोप द्यायचा कार्यक्रम होता. वन्संनी मला मुद्दाम बोलावलं होतं, “मुली बघायला ये” म्हणून. साहेब बोलायला उभे राहिले. मुलींचं झाल्यावर ते म्हणाले की आज सेन्सेईंचाही सोत्सुग्यो आहे. सोत्सुग्यो म्हणजे शिक्षण पुरं करून बाहेर पडणं. एखाद्याला घालवायचं असलं तरी तिथे हाच गोड शब्द वापरतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वन्संनीही वाजवल्या, आणि आणखी कोण सेन्सेई आलेत म्हणून मागे वळून बघितलं. मग एका मुलीने आणून पुष्पगुच्छ त्यांच्याच हातात दिला. ज्या गावात ह्या बाईची पदवी मैदानापायी राहिली, त्या गावाने तिला मैदानावरून काढून पदवीधर केलं. मी उठणार होते. वन्संनी टेबलाखाली माझा हात घट्ट धरला आणि मराठीत म्हणाल्या, “तू म्हणालीस ते खरं होतं. बस खाली.” मग उभं राहून, वाकून, थंडीची काळजी केल्याबद्दल साहेबांचे आभार मानले. मुली रडल्या. रडण्यात त्या तयारच आहेत. पण “का?” असं एकीनेही विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी त्या मुलींना अजून माफ केलेलं नाही. नवा प्रशिक्षक परदेशात शिकून आलेला, नम्र, हुशार तरुण निघाला. वाईट असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

शरद ऋतूत पहिल्या श्रेणीतला त्यांचा पहिला सामना होता. वन्सं जाणार नाही म्हणत होत्या, पण आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, “तू येणार असलीस तर जाऊ.” तोंडाला मास्क आणि डोक्यावर टोपी घालून त्या माझ्याशेजारी अगदी मागच्या रांगेत बसल्या. काही उपयोग झाला नाही. मुलींनी त्यांना बघितलंच. संघ मागे पडला होता, नवा प्रशिक्षक बाकाजवळून काहीतरी सांगत होता आणि कप्तान मुलगी पुन्हा पुन्हा मान वर करून आमच्याकडे बघत होती. मला त्यात आनंद वाटत होता, खोटं कशाला बोलू? वन्संना वाटला नाही. मध्यंतर झालं तशा त्या उठल्या. “मी जाते. मी इथे असले तर त्या माझ्याकडे बघणार, आणि त्याचं ऐकणार नाहीत. तू बस.” आणि त्या गेल्या. जी एक गोष्ट त्यांना आयुष्यात बघायची होती ती त्यांनी अर्धीच बघितली. मी तिथे एकटी बसून, ह्या मुली सपाटून हरू देत, असं मनोमन म्हणत राहिले. त्या जिंकल्या.

बाहेर बसथांब्यावर वन्सं उभ्या होत्या. मधल्या वेळात बसगाड्या येऊन गेल्या असणार, त्या चढल्या नव्हत्या.

“जिंकल्या,” मी म्हटलं.

“आवाज आला.” त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “मला वाटलं होतं हरतील गं. उठून आले मी, पण इथे उभी राहून तेच म्हणत होते. निदान एकदा हरा. माझ्यावाचून एकदा तरी हरा.”

“मी पण आत बसून देवाला तेच मागत होते.”

“कुठल्या देवाला?”

“सगळ्यांना.”

त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते. बस आली, दार उघडलं, चालकाने थोडी वाट बघितली, माफी मागितली आणि दार लावून घेतलं. मी त्यांचा हात धरून उभी होते. मैदानातून मुलींचा आरडाओरडा अजून ऐकू येत होता. मला तो नुसता गलका वाटत होता. वन्सं मात्र मान तिरकी करून त्यातला एकेक आवाज वेगळा काढत होत्या.

“ही आमची गोलकीपर,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “आता उद्या घसा बसणार हिचा.”