गाणं चाचींचं, आवाज बाईंचा

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सुलभाबाईंच्या वेबसाईटवरची गाणी कंपनीच्या चुकीने गेली नव्हती. ती माझ्या हातून गेली.

बाई वारल्याचा फोन आला तेव्हा मी माणगावातल्या माझ्या दुकानात कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसलो होतो. त्यांची मुलगी प्रज्ञा म्हणाली, "दादा, आई गेली. सगळ्यांत आधी तुम्हालाच कळवतेय..." त्या ‘तुम्हालाच’वर मी उघडा प्रिंटर तसाच टाकून शटर ओढलं.

बाई आमच्या गावच्या शाळेत होत्या. मला बाराखडी त्यांनीच शिकवली. निवृत्तीनंतर दिवेआगरला राहायला गेल्या आणि मोबाईल घेऊन वाड्यावस्त्यांवर हिंडून म्हाताऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड करायला लागल्या. जात्यावरची, लग्नातली, बाबासाहेबांवरची. बौद्धवाडीत बसायच्या तशाच मोहल्ल्यातही मांडी घालून बसायच्या. "तुला आजीचं एक तरी गाणं येतं का रे? मग गप टाईप कर," असं मला दटावायच्या. वेबसाईट मीच करून दिली. प्रत्येक बाईचं एक पान: फोटो, नाव, गाव आणि खाली दाबल्यावर आवाज सुरू करणारा त्रिकोण.

त्यातलं जुलेखाचाचींचं गाणं सगळ्यांचं लाडकं. लग्नातलं गाणं गाता गाता घरात कोंबडी शिरली, तशा चाची सूर न सोडता कडाडल्या, "हूश्श! मेले, मी गातेय, दिसत न्हाय?" आणि पुन्हा गाणं सुरू. पुढे चाची वारल्या. त्यांचा मुलगा फारूक कुवेतला असतो. शुक्रवारची नमाज झाली की तो हे गाणं लावायचा. मला एकदा म्हणाला, "गाण्याचं सोडा हो भाऊ, मी कोंबडीची वाट बघतो. अम्मी मलाच ओरडतेय असं वाटतं."

वादळात बाईंच्या घराचे पत्रे उडाले. मोबाईल, कॉम्प्युटर, सगळं भिजून गेलं. आडव्या पडलेल्या माडावर बसून बाई म्हणाल्या, "साईटवर आहे ना सगळं? मग जाऊ दे." गाणी आता त्या एकाच जागी उरली होती. मला हे माहीत होतं.

पुढे साईट तिला जागा देणाऱ्या कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे हलवायची ठरली. त्यासाठी प्लगिन असतं. ते अख्खी साईट एका फाईलमध्ये बांधतं आणि ती फाईल नव्या जागी सोडायची. पण फुकटातल्या प्लगिनला एवढी मोठी फाईल पेलेना. तिथे एक चौकट असते, मीडिया, म्हणजे आवाजासारख्या जड फाईली, वगळण्याची. मी तिच्यावर खूण केली. म्हटलं, आवाज मागाहून आणू. फाईल लहान झाली, साईट उतरली. बाई शेजारीच बसल्या होत्या म्हणून सहज चाचींचं पान उघडलं, त्रिकोण दाबला... आणि चाची गायल्या. कोंबडीवर ओरडल्या. बाई हसल्या. मला वाटलं, अरे, आवाजही आलेच की! खरं तर साईटचा पत्ता बदलल्याचं माझ्या कॉम्प्युटरला अजून कळलंच नव्हतं. तो मला जुन्या जागेवरचीच साईट दाखवत होता. एवढी साधी गोष्ट. रोजचा धंदा माझा, आणि मी तपासलं नाही.

"बॅकअप घेतलास ना रे?" बाईंनी विचारलं.

"घेतला की."

घेतला होता. तोच, बिनआवाजाचा. आणि त्याच दुपारी जुन्या कंपनीला खातं बंद करायला सांगितलं.

फारूकचा फोन आला, "अम्मी लागत नाही," तेव्हा मला कळलं. जुन्या कंपनीने तोवर सगळं पुसलं होतं. मी बाईंना सांगितलं, "त्यांचा सर्व्हर बसला. सगळ्यांचंच गेलं." बाईंनी चाचींच्या पानावरचा त्रिकोण एकदा दाबून पाहिला. मग माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू कशाला तोंड पाडतोस? तुझी काय चूक?"

तेव्हा बोलायला हवं होतं...

गुडघे गेलेले असताना बाई पुन्हा वाड्यावस्त्यांवर फिरल्या. बहुतेक बायका उरल्या नव्हत्या. ज्या होत्या त्यांचा श्वास पुरत नव्हता. मग बाई आठवून आठवून ती गाणी स्वतःच गायल्या. एक पेनड्राइव्ह प्रज्ञाकडे, एक शेजारणीच्या तांदळाच्या डब्यात, एक माझ्याकडे. "सगळं एकाच घरात ठेवू नये, बाबा," म्हणाल्या. मी मान हलवली.

बाईंच्या श्रद्धांजलीला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्रिशरण-पंचशील झालं आणि प्रज्ञाने मला बोलायला उभं केलं. म्हणाली, "आईचं काम यांनी जपलं." बाईंच्या फोटोसमोर माईक धरून मी म्हणालो, कंपनीने दगा दिला, पण बाई खचल्या नाहीत. लोकांनी डोळे पुसले. बाई गेल्यावरही मी तेच खोटं बोललो.

हे छापून यायच्या आधी प्रज्ञाला सांगितलं. ती उठून आत निघून गेली. फारूकला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "बाईंना सांगितलंत?"

"नाही."

"इतकी वर्षं होत्या की, भाऊ," म्हणाला आणि फोन ठेवला.

माझा पेनड्राइव्ह दुकानातच असतो. शटर ओढण्याआधी लावतो. "हे जुलेखाचाचींचं. आवाज माझा," बाई सांगतात आणि गायला लागतात. मध्येच थांबतात. धाप ऐकू येते. "इथे चाची कोंबडीला ओरडल्या होत्या. ते मला जमायचं नाही." मग पुढचं कडवं.

फारूकला मी त्याच्या आईचं ते ओरडणं देणं लागतो. बाईंना खरं सांगणं लागत होतो. दोन्ही माझ्याकडून आता फिटणार नाहीत.