मुका ढोल

कळंबच्या बिरूला खोट्या वाजवण्याची मनस्वी किळस. वरातीत पोरं नुसतं बडवायला लागली की तो तोंड फिरवून पचकन थुंकायचा. मेंढरं विकून त्याला बरीच वर्षं झाली. आता तो डाळिंबाच्या बागेत राखणीला जातो, पण घराण्याच्या मानाचा गजी ढोल अजून खुंटीला आहे. त्या ढोलाचा दंडक असा, की तो गळ्यात घातला की आधी सुंबरान मांडायचं, म्हणजे गाण्यातून बिरोबाला आठवायचं, मग भंडारा उधळायचा, आणि वाजवल्याशिवाय ढोल गळ्यातून काढायचा नाही. मुका ढोल उतरवणं म्हणजे देवाला दारातून उपाशी धाडणं.

नात छकुली बोबडं बोलायची तेव्हापासून हे सुंबरान तिला पाठ. आबानं ढोल घेतला की ही पुढं उभी राहून अशी खणखणीत गायची, की चार घरांपलीकडच्या बाया हातातलं काम सोडून यायच्या. मग बापाच्या हौसेपायी ती बारामती रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत गेली. पहिल्याच महिन्यात तिथल्या राजनंदिनी मॅडमनी तिच्या कपाळावरचा भंडारा ओल्या रुमालानं खसाखसा पुसला. "हे असलं फासून यायचं नाही." एकदा 'न्हाय' म्हणाली म्हणून बाकावर उभी केली. "घरची भाषा घरी ठेवून ये," म्हणे. भाषा म्हणजे काय चिखलाच्या चपला आहेत, दारात काढून ठेवायला? पोरगी हळूहळू घरातही गप्प राहायला लागली. बिरूला घोर लागला. ती आपल्याच माणसांना लाजायला लागली तर करायचं काय?

आणि बघा, स्नेहसंमेलन जवळ आल्यावर त्याच मॅडम हसतमुखानं बिरूच्या दारात. यंदा विषय होता 'आपली संस्कृती'.

"आबा, आम्हाला अस्सल धनगरी ढोल हवाय."

दार तोंडावर आपटावं असं बिरूला वाटलं. पण मागून छकुलीनं त्याचा सदरा ओढला. "आबा, या की." बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर हसू दिसलं. शाळेत ढोल घुमला तर पोरीची मान वर होईल, असं म्हणून त्यानं होकार दिला.

संमेलनात भाड्याचे फेटे बांधलेली, काजळाच्या मिशा काढलेली पोरं रंगमंचावर उभी होती. त्यातल्या एकानंही मेंढी जवळून बघितली नसेल. बिरूनं ढोल गळ्यात घातला आणि भंडाऱ्याची पिशवी सोडली, तोच मॅडम धावत आल्या.

"अहो, ते नको. गालिचा नवा आहे. आणि खरं वाजवू नका हं. गाणं स्पीकरवर लागेल, तुम्ही नुसते हात हलवा."

"आन् सुंबरान?"

"वेळ कुठाय, आबा? पाहुण्यांना लवकर निघायचंय."

बिरूनं भंडाऱ्याची पिशवी परत बांधली. निघून जावं, तर माईकपुढं छकुली उभी. मॅडमनी तिच्याकडून पाठ करून घेतलेलं ती घडाघडा बोलली. "आम्ही मेंढरांमागे रानोमाळ भटकत होतो. आम्हाला धड बोलताही येत नव्हतं. शाळेने आम्हाला माणूस बनवलं." टाळ्यांचा कडकडाट झाला.

माणूस बनवलं! मग तिचा पणजा कोण होता, बोकड? समोरच्या त्या हसऱ्या, पावडर लावलेल्या तोंडांची बिरूला शिसारी आली. ढोलावर टिपरू हाणून सगळा तमाशा उधळून लावावा, असं हात म्हणत होते. पण उद्या हसं झालं असतं ते पोरीचं. स्पीकर सुरू झाला. बिरूनं हात उचलले आणि कातड्यापासून वीतभर लांब, नुसत्या हवेत बडवत राहिला. छकुली त्याच्या हातांकडं टक लावून बघत होती. पाहुण्यांनी शाल दिली, ती त्यानं दोन बोटांत धरून घेतली. त्या दिवशी सगळ्यात जास्त घाण त्याला स्वतःचीच वाटली.

तो घरी आला तो ढोल गळ्यात घेऊनच. गोजरबाई, त्याची बायको, म्हणाली, "अवो, उतरवा की त्यो."

"कसा उतरवू? मुका हाय अजून."

तो देवापुढं उभा राहिला. भंडाऱ्याची चिमूट घेऊन त्यानं नातीला हाक मारली. "छकुले, ये. मांड सुंबरान. देवाची माफी मागू, मंग असा वाजीवतो का कळंब दणाणलं पायजे."

छकुली उंबऱ्यातच थांबली. रस्त्यावर तिच्या शाळेच्या गाडीतली दोन पोरं सायकल खेळत होती. तिनं आत येऊन दार लावलं, कडी घातली आणि आबाच्या जवळ येऊन हळूच म्हणाली,

"आबा, मघाशी शाळेत वाजवला ना, तसाच वाजवा. म्हणजे कुणाला ऐकू जाणार नाही."