दारातली वीट

पंचवटीतल्या समाजमंदिरात मी दर रविवारी मुलांना फुकट चित्रकला शिकवते. रस्त्याचा आवाज नको म्हणून दार लावून घ्यायचे. पण नातीला सोडायला येणाऱ्या एक बाई दार सताड उघडायच्या, बाहेरची वीट पायाने सरकवून दाराला लावायच्या आणि पायरीवर बसून गोदाघाटावर विकायचे झेंडूचे हार ओवायच्या. मान खाली असायची, पण दार जरा करकरलं की सुई थांबायची.

मी दोनदा वीट काढली. त्यांनी दोनदा परत लावली. शेवटी मला रागच आला.

"मावशी, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

त्यांनी दातांनी दोरा तोडला. "तुमच्यावर लय हाय, ताई. पण उद्या तुमच्या जागी दुसरं कोन येईल, तवा पोरांना उघड्या दाराची सवय पायजे."

मला ते लागलं. आठवडाभर मी धुसफुसत होते.

पुढे नातीची शाळा बदलली आणि त्या दिसेनाशा झाल्या. वीट मात्र मीच लावू लागले.

गेल्या रविवारी मदतीला एक नवे सर आले. बोलायला गोड, मुलांसाठी खाऊ आणलेला. आल्या आल्या त्यांनी वीट उचलली आणि दार लावलं.

"आवाज फार येतो ना, ताई?"

माझंच कारण होतं ते. माणूस चांगलाही असेल, पण मला कुठे माहीत होतं? मी उठून दार उघडलं, वीट लावली.

ते हसले. "माझ्यावर विश्वास नाही का?"

उत्तर मला पाठ होतं. मी पायरीवर जाऊन बसले, तोंड आत करून.